किटकॅटपासून एम.सी.बी.पर्यंत : देहूच्या घरांतील विजेचा बोर्ड

देहूच्या घाटावर उभे राहून पाहिले, तर इंद्रायणी आळंदीकडे आणि पुढे तुळापूरला भीमेकडे निघालेली दिसते. पण या खोऱ्यातले सगळे पाणी देहूच्या वाटेने येत नाही. त्याचा एक मोठा भाग लोणावळ्याच्या आसपासच अडवला जातो आणि नदीच्या नैसर्गिक उताराच्या नेमका उलट, पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याखाली सोडला जातो. टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी स्थापन केली. वलवण व आसपासच्या तलावांतील पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला नेले आणि १९१५ मध्ये तेथील वीजघर सुरू झाले. १९२२ मध्ये भिवपुरीचे दुसरे वीजघर चालू झाले. त्याला पाणी मिळते ते आंध्रा नदीवरच्या ठोकळवाडी धरणातून. ही आंध्रा म्हणजे इंद्रायणीचीच उपनदी. शेजारच्या मुळशीत अशाच धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला आणि त्यातून सेनापती बापटांचे नाव महाराष्ट्रभर झाले, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकवतोच.

ही वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना, पुढे ट्रामला आणि रेल्वेला. मुंबई-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाल्यावर १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ धावू लागली. देहूरोड स्थानकावरून विजेवर चालणारी गाडी दिमाखात जात होती आणि ज्यांच्या खोऱ्यातले पाणी ती वीज निर्माण करत होते, त्या मावळातल्या गावांत देवळाचा गाभारा समईवर आणि कीर्तनाचा मांडव गॅसबत्तीवर उजळत होता. तो काळच तसा होता. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात जेमतेम १,५०० खेड्यांत वीज पोहोचली होती.

हा मागचा इतिहास सांगण्याचे कारण असे, की आपल्या घरातला विजेचा बोर्ड कधी बदलावा या अगदी घरगुती प्रश्नाचे उत्तर या इतिहासात दडलेले आहे. भिंतीवरचा बोर्ड ज्या काळात बसवला, त्या काळाची विजेविषयीची अपेक्षा त्यावर कोरलेली असते. पुढे गरजा बदलतात आणि बोर्ड मात्र तसाच राहतो.

गावात तार आली तेव्हा

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्यान्वये राज्याराज्यांत विद्युत मंडळे निघाली. मुंबई राज्याचे मंडळ १९५४ मध्ये आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी अस्तित्वात आले. १९६२ मध्ये कोयनेची वीज मिळू लागली. १९६९ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले. याच वर्षांत देहूच्या दक्षिणेला एक निराळेच जग उभे राहत होते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, पाठोपाठ टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे कारखाने. पंचक्रोशीतील मुले सायकलीवरून, पुढे कंपनीच्या बसने कामावर जाऊ लागली. घरात तार आली आणि महिन्याच्या महिन्याला पगारही येऊ लागला. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर बोर्डाची गोष्ट फार लांबली नसती.

त्या काळचा बोर्ड ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो लगेच आठवेल. सागवानी लाकडाची पेटी किंवा फळी, तिच्यावर काळ्या बॅकेलाइटची गोल, टपोरी बटणे, पांढऱ्या चिनी मातीची फ्यूजची जोडी (तिला सगळे वायरमन अजून किटकॅटच म्हणतात) आणि दाराजवळ लोखंडी पेटीतला खटक्याचा मेन स्विच. भिंतीवरून लाकडी पट्टी गेलेली आणि तिच्यावर पत्र्याच्या चिपांनी बसवलेली रबरी आवरणाची तार. काम मात्र अतिशय नीटस असे. जुन्या तारतंत्र्याने मारलेली पट्टी ओळंब्यात असते, हे आजही जुन्या वाड्यांतून पाहता येते.

हा बोर्ड किती विजेसाठी होता? त्या काळच्या भारतीय मानकातच याचे उत्तर आहे. घराच्या जोडणीचा हिशेब करताना एका दिव्याला ६० वॅट, एका पंख्याला ६० वॅट, लहान म्हणजे ५ अँपिअरच्या प्लगला १०० वॅट आणि मोठ्या १५ अँपिअरच्या प्लगला १,००० वॅट धरावेत असा संकेत होता. दिवे-पंख्यांच्या एका परिपथावर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा, असाही नियम होता. आता दोन खोल्यांचे घर घेऊ. चार दिवे, दोन पंखे, रेडिओसाठी एक लहान प्लग : २४० + १२० + १०० = ४६० वॅट. २३० व्होल्टने भागले की बरोबर २ अँपिअर येतात. त्या बोर्डातली ५ अँपिअरची वितळतार या घराला दुपटीहून जास्त पुरत होती. म्हणजे जुना बोर्ड त्याच्या काळापुरता हिशेबाने बांधलेला होता, त्याला कच्चा म्हणणे अन्यायाचे होईल.

एक दोष मात्र त्याच्यात जन्मजात होता. अनेक जुन्या बोर्डांत फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांत फ्यूज असे. ही रीत एकदिश प्रवाहाच्या काळातली. त्या पुरवठ्यात दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत ‘जिवंत’ असू शकत, म्हणून दोन्हींवर पहारा बसवणे शहाणपणाचे होते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या आपल्या पुरवठ्यात न्यूट्रल तार भूसंपर्कित असते. तिच्यातला फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण दिव्यापर्यंत फेज पोहोचलेलीच असते. घरातल्या माणसाला वाटते वीज गेली. तो होल्डरला हात घालतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलमध्ये सुटा फ्यूज किंवा सुटा स्विच ठेवायला मनाई केली ती याचसाठी. तोडायचेच तर दोन्ही तारा एकाच खटक्याने, एकाच वेळी तुटल्या पाहिजेत. तरीही आजघडीला एखाद्या जुन्या घरात दोन किटकॅट शेजारी शेजारी दिसले, तर त्यातला एक न्यूट्रलवर आहे का हे परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्यायला हवे. तो तसा असेल तर बोर्ड बदलण्यासाठी दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

वितळतारेचे गणित

फ्यूजची कल्पना विजेच्या दिव्याइतकीच जुनी आहे. एडिसनने १८८० मध्येच अशा ‘सुरक्षा-वाहका’चे एकस्व घेतले होते. सगळ्या तारांच्या साखळीत एक कडी मुद्दाम कमकुवत ठेवायची, म्हणजे तुटायची वेळ आली तर तीच तुटेल, असा हा सरळ विचार.

ही कडी किती कमकुवत असावी याचे गणित इंग्लंडच्या पोस्ट खात्यातील विद्युत अभियंता विल्यम प्रीस याने १८८० च्या दशकात मांडले. ते नववी-दहावीच्या वर्गात सहज करून दाखवता येते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. रोध तारेच्या छेदाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तार थंड होते ती पृष्ठभागातून आणि पृष्ठभाग व्यासाच्या प्रमाणात असतो. दोन्ही बाजू समान मांडल्या की प्रवाहाचा वर्ग व्यासाच्या घनाच्या प्रमाणात येतो. सोप्या शब्दांत : तारेचा व्यास दुप्पट केला तर ती वितळायला दुप्पट नव्हे, जवळजवळ २.८ पट प्रवाह लागतो.

५ अँपिअरची कल्हईदार तांब्याची तार ०.२ मिलिमीटर व्यासाची असते, १५ अँपिअरची ०.५ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना हा फरक केसाएवढा दिसतो आणि इथेच घात होतो. फ्यूज उडाला की घरात योग्य जाडीची तार सापडत नाही. मग जुन्या वायरीतला एखादा धागा काढून बांधतात. तो उडाला की दोन धागे पिळून बांधतात. ‘आता उडत नाही’ याला दुरुस्ती समजले जाते. वास्तविक त्या क्षणी साखळीतली कमकुवत कडी बदललेली असते. आता भिंतीच्या आतली जुनी तार ही सर्वांत कमकुवत कडी होऊन बसते आणि ती वितळायची वेळ आली, तर चिनी मातीच्या डबीत वितळणार नाही.

अॅल्युमिनिअमचे दिवस

१९७३ मध्ये सिंहगडावरून दूरदर्शनचे सहक्षेपण सुरू झाले आणि पुणे परिसरातल्या घरांवर अँटेना उगवू लागल्या. त्या सुमारास इस्त्री, मग मिक्सर, मग फ्रिज अशी एकेक वस्तू कामगारांच्या घरात आली. बहुतेक वस्तू हप्त्यांवर घेतलेल्या, म्हणून जपून वापरलेल्या. बोर्डावर एकेक प्लग वाढला. लाकडी फळीच्या शेजारी दुसरी फळी आली आणि दोन्ही फळ्यांना वीज पुरवणारी मूळ तार तीच राहिली.

त्याच वर्षांत नवी घरे बांधली गेली, त्यांतल्या पुष्कळशा घरांत तांब्याऐवजी अॅल्युमिनिअमची तार आहे. देशात तांबे कमी, परकीय चलनाची चणचण आणि अॅल्युमिनिअमचे कारखाने मात्र उभे राहिलेले. रेणुकूटचा कारखाना १९६२ चा. निर्णय देशाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. अमेरिकेतही साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागल्यामुळे असंख्य घरांत अॅल्युमिनिअमची तार वापरली गेली आणि पुढे तीच डोकेदुखी झाली.

अडचण तारेच्या लांबीत नसते, टोकांना असते. अॅल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, हे तार थोडी जाड घेऊन भरून काढता येते. पण हवेशी संपर्क येताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, विसंवाहक थर चढतो. शिवाय हा धातू मऊ. स्क्रूखाली दाबून धरला की हळूहळू पसरतो आणि पकड सैल होते. तापल्यावर तो पितळी स्क्रूपेक्षा जास्त प्रसरण पावतो, निवल्यावर जास्त आकसतो. गीझर रोज चालू-बंद होतो. म्हणजे रोज एकदा ही ढिलाई थोडी वाढते. सैल जोडाचा रोध वाढतो, रोध वाढला की तो अधिक तापतो, अधिक तापला की अधिक सैल होतो.

एक हिशेब करून पाहू. समजा एखाद्या स्क्रूखालच्या जोडाचा रोध ०.१ ओहम झाला आहे. जुन्या घराचा २ अँपिअर प्रवाह त्यातून गेला तर २ × २ × ०.१, म्हणजे ०.४ वॅट उष्णता, कळणारही नाही. आता २ किलोवॅटचा गीझर लावा. प्रवाह ८.७ अँपिअर, उष्णता सुमारे ७.६ वॅट, म्हणजे जवळजवळ १९ पट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान कावी २५ वॅटची असते. तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी उष्णता एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत, लाकडी पेटीत, तास-अर्धा तास. पेटीच्या कडेला तपकिरी डाग पडतो तो असा. आणि लक्षात घ्या, या सगळ्या प्रकारात प्रवाह ८.७ अँपिअरच आहे. फ्यूज किंवा एम.सी.बी. कितीही चांगला असला, तरी त्याला यात वावगे काही दिसत नाही.

तार सांभाळणारा आणि माणूस सांभाळणारा

किटकॅटची जागा घेणारा एम.सी.बी. म्हणजे लघु-परिपथखंडक जर्मनीतील मानहाइमच्या ह्यूगो श्टोट्झच्या कारखान्यात जन्मला. त्याचे एकस्व १९२४ चे. आपल्याकडच्या घरांत तो सर्रास दिसू लागायला पुढची साठ-सत्तर वर्षे जावी लागली. त्याच्यात दोन पहारेकरी असतात. एक द्विधातू पट्टी; प्रवाह थोडा जास्त पण बराच वेळ राहिला तर ती वाकते आणि खटका पाडते. दुसरे विद्युतचुंबक, तारा एकमेकींना चिकटून प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढला तर तो क्षणार्धात खटका ओढतो. त्यात तार बांधायची नसल्याने जाड तार बांधण्याचा मोह उरत नाही. मोह दुसऱ्या रूपात मात्र शिल्लक आहे. १६ अँपिअरचा एम.सी.बी. वारंवार पडतो म्हणून ३२ चा बसवून देणारे महाभाग आहेत. भिंतीतली तार १६ ची आणि पहारेकरी ३२ चा, हे दोन धागे पिळण्याचेच नवे रूप.

पण एम.सी.बी. आला म्हणजे शॉक बसणार नाही हा समज फार पसरलेला आहे आणि तो धोक्याचा आहे. एम.सी.बी. तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डॅल्झिएल याने स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले होते, की हातातून सरासरी १६ मिलिअँपिअर प्रवाह गेला तर पुरुषाला, आणि साडेदहा मिलिअँपिअर गेला तर स्त्रीला पकडलेली तार सोडता येत नाही, स्नायूच आखडतात. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला हा प्रवाह म्हणजे हजारावा हिस्सा. तो ढिम्म हलणार नाही.

यावरचा उपाय खाणींतून आला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत ओलसर जागी कामगारांना विजेचे धक्के बसत. तेथील हेन्री रुबिन याने १९५० च्या दशकात अतिशय संवेदनशील असा गळतीरोधक बनवला. त्याच सुमारास ऑस्ट्रियात बीगलमायर याचेही काम चालू होते आणि १९६१ मध्ये डॅल्झिएलने स्वतःचे उपकरण तयार केले. तत्त्व सुबक आहे. फेजने जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत यायला हवा. दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून नेल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. काही प्रवाह वाटेत माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर जमाखर्च जुळत नाही आणि त्या तफावतीवर खटका पडतो. घरगुती उपकरण ३० मिलिअँपिअर गळतीला परिपथ तोडते, तेही सेकंदाच्या लहानशा भागात. डॅल्झिएलचे १६ मिलिअँपिअर याहून कमी आहेत, म्हणून झटका जाणवतोच. पण हृदयाचा ताल बिघडवण्याइतका वेळ प्रवाहाला मिळत नाही. यालाच आर.सी.सी.बी. म्हणतात. बाजारात अजून ‘ई.एल.सी.बी.’ हे जुने नाव चालते. आपल्या नियमांत गळतीरोधक आरंभी ५ किलोवॅट व त्यावरील घरगुती भारासाठी सक्तीचा झाला, पुढे ही मर्यादा खाली आणली गेली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये १९५६ च्या नियमांच्या जागी नवे विनियम आणले आणि २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने काढले.

चांगले अर्थिंग असले की पुरे, असे वाटण्याचा संभव आहे. अर्थिंग हवेच, तरी एक आकडा पाहा. उन्हाळ्यात मुरमाड जमीन कोरडी पडली आणि अर्थिंगचा रोध १० ओहम झाला असे समजू. गीझरच्या टाकीला फेज चिकटली तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० ÷ १० = २३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.ला हा भार दीडपटीपेक्षाही कमी. तो पडायला तासभर लागेल, कदाचित पडणारही नाही. तोवर टाकी, नळ आणि बादलीतले पाणी यांच्यावर दाब राहणार. नदीकाठच्या ओल्या काळ्या मातीत हा रोध कमी भरतो, टेकडीच्या अंगाला जास्त. म्हणजे एकाच गावात, एकाच वायरमनने, एकाच पद्धतीने केलेले अर्थिंग दोन घरांत सारखे असेलच असे नाही.

पहिल्या पाळीची सकाळ

आता आजच्या देहूत येऊ. गावाला नगरपंचायत झाली आहे. गावठाणातील जुनी घरे, त्यांच्यावर चढवलेले मजले, भाड्याच्या खोल्यांच्या ओळी आणि आळंदीच्या रस्त्याला नव्या इमारती हे सगळे एकमेकांना खेटून उभे आहे. चाकण, तळवडे, भोसरीला पहिल्या पाळीला जाणारे माणूस ज्या घरात आहे, तिथली सकाळ डोळ्यांसमोर आणा. गीझर २,००० वॅट, इंडक्शन शेगडी २,०००, मिक्सर ७५०, इस्त्री १,०००, फ्रिज २००, तीन पंखे आणि सहा एल.ई.डी. दिवे मिळून २८०. अंगणात बजाजची नवी चेतक किंवा तिची एखादी बहीण चार्जिंगला लावलेली, सुमारे ७०० वॅट. बेरीज ६,९३० वॅट. प्रवाह ३० अँपिअर. जुन्या घराच्या २ अँपिअरची ही पंधरा पट. गंमत अशी, की दिव्यांचा भार उलट कमी झाला आहे. ६० वॅटच्या एका जुन्या बल्बच्या विजेत आज सहा खोल्या उजळतात. वाढला तो उष्णतेचा भार.

चेतकचे उदाहरण मुद्दाम घेतले. १९७२ साली याच आकुर्डीतून निघालेली पेट्रोलची चेतक घराच्या बोर्डाशी काही देणेघेणे ठेवत नव्हती. २०२० मध्ये बाजारात आलेली विजेची चेतक सुमारे ३ युनिट साठवणारी बॅटरी घेऊन आली आणि ती भरायला पाचेक तास लागतात. ७०० वॅट म्हणजे ३ अँपिअर, आकडा किरकोळ. पण हा प्रवाह रात्रभर सलग वाहतो, घरातली माणसे झोपलेली असताना, आणि बहुधा खिडकीतून बाहेर ओढलेल्या एक्स्टेन्शनच्या दोरीतून. जुन्या बोर्डाने कधी सलग पाच तासांचा मोठा भार पाहिलेला नसतो. त्यामुळे गाडीच्या चार्जिंगला स्वतंत्र तार, स्वतंत्र एम.सी.बी. आणि अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग असावा, असे आमचे मत आहे.

मग बोर्ड बदलायचा कधी? किती वर्षांनी, असा प्रश्न हमखास विचारला जातो. आम्हाला तो फारसा उपयोगाचा वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा बोर्ड आजही दोन दिवे आणि एक पंखाच चालवत असेल आणि त्याची रबरी तार कडक होऊन तडकली नसेल, तर तो काही काळ चालेल. उलट दहा वर्षांपूर्वीचा चकचकीत बोर्ड आज इंडक्शन आणि ए.सी. ओढत असेल, तर तो आधीच जुना झाला आहे. प्रश्न वयाचा नसून बोर्ड बांधताना धरलेला भार आणि आजचा भार यांतल्या अंतराचा आहे. या अंतराच्या खुणा घरातल्या कोणालाही दिसतात. बटणाची पट्टी हाताला कोमट लागते. प्लगभोवती तपकिरी वलय येते, जळक्या प्लॅस्टिकचा, कधी मासळीसारखा वास येतो. मिक्सर लावला की दिवा मंदावतो. बोर्डातून बारीक गुणगुण ऐकू येते. यांतल्या प्लग तापण्याच्या किंवा वासाच्या खुणेला तर पुढच्या महिन्याची वाट पाहण्याची मुभा नाही. तो परिपथ त्याच दिवशी बंद करावा. नळाला किंवा फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तीच गोष्ट. सारे प्लग दोनच भोकांचे असतील, किंवा तीन भोकांच्या प्लगमधील वरचे, मोठे भोक आत कशालाच जोडलेले नसेल, तर बाहेरून काही न दिसताही घर असुरक्षित आहे. (हे तिसरे भोक आपल्याकडे १९३४ च्या ब्रिटिश गोल पिनांच्या मानकातून आले. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग स्वीकारला. आपण गोल पिनांवरच राहिलो.)

नुसता बोर्ड बदलून भागते का? पुष्कळदा इथेच फसगत होते. जुन्या लाकडी पेटीच्या जागी सुंदर पांढरा बोर्ड येतो आणि त्याच्या मागे तीच तडकलेली रबरी किंवा अॅल्युमिनिअमची तार राहते. वायरमनने ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचा विसंवाहक रोध मोजल्याशिवाय बोर्डावर खर्च करण्यात अर्थ नाही. भार वाढला असेल तर महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक तपासणी हवी. लोडशेडिंगच्या दिवसांत घाईने बसवलेल्या इन्व्हर्टरच्या न्यूट्रल तारा मूळ न्यूट्रलमध्ये कशाही मिसळलेल्या असतात. अशा घरात आर.सी.सी.बी. बसवला की तो उगाच पडत राहतो. मग कंटाळून कोणीतरी तो वगळून थेट जोडणी करून देतो आणि पहारेकरी नुसता भिंतीवर शोभेला राहतो.

सर्वांत अवघड गाठ भाड्याच्या खोल्यांची आहे. मीटर घरमालकाच्या नावावर, खोल्यांना उपमीटर, आणि चार बिऱ्हाडांना मिळून तळमजल्याच्या एकाच तारेवरून वीज. बोर्ड तापतो हे भाडेकरूला दिसते, पण तो बदलण्याचा अधिकार त्याला नाही. मालकाला अधिकार आहे, पण तो त्या खोलीत राहत नाही. शेगडी भाडेकरूने आणली, तार मालकाने घातली. मग खर्च कोणी करायचा? खोलीत दर अकरा महिन्यांनी नवे कुटुंब येते आणि मागच्याने फ्यूजमध्ये काय बांधून ठेवले आहे हे त्याला कोणीही सांगत नाही. आपल्या शाळांतली कितीतरी मुले अशा खोल्यांतून येतात.

भौतिकशास्त्राच्या तासाला विजेचा पाठ झाल्यावर मुलांना एक काम देता येईल. बोर्ड उघडायचा नाही, स्क्रूला हात लावायचा नाही, नुसते पाहून वहीत नोंद करायची : फ्यूज आहे की एम.सी.बी., त्यावर आकडा कोणता, प्लग दोन भोकांचे किती आणि तीन भोकांचे किती, डाग किंवा वास आहे का, घरातल्या कोणत्या उपकरणावर किती वॅट लिहिले आहेत आणि त्यांतली कोणती एकाच वेळी चालतात. बेरीज करून २३० ने भागायचे आणि येणारा आकडा मेन स्विचवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा. आर.सी.सी.बी. असेल तर त्यावरचे ‘टी’ लिहिलेले बटण घरातल्या मोठ्या माणसाकडून दाबवून घ्यायचे. खटका पडला नाही तर तेही लिहायचे. पालकसभेच्या आदल्या आठवड्यात हे काम दिले, तर मालक आणि भाडेकरू दोघांचीही मुले तीच वही घेऊन एकाच बाकावर बसलेली असतील.